नंतरची कोरी

काकांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्यांनी काढलेला मात्र एक आहे. पासपोर्ट फोटोएवढा, राखाडी, आणि त्यात काहीही नाही. मागे निळ्या शाईने तारीख आणि वेळ घातलेली आहे, सकाळचे नऊ चाळीस. माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात, जुन्या डायऱ्यांच्या खाली तो असतो. मी तो आजवर कुणाला दाखवलेला नाही.

नागपुरातल्या ज्या संस्थेत मी पीएच.डी. केली तिथे तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला एक खोली होती. खोलीत एक सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यावर बसवलेला एक कॅमेरा. आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो ते त्या कॅमेऱ्याचे. कॅमेरा काकांचा असं कुणी म्हणत नसे. पदाचं नाव तांत्रिक सहायक, त्यापुढे कंत्राटी. रोज उमरेडहून एसटीने येत. शिक्षण बारावी. तरुणपणी उमरेडच्या एका फोटो स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म धुवायचे, आणि संस्थेत लागले तेही त्याच कामाला. पुढे फिल्म गेली, अंधारी खोली राहिली आणि तिच्यासोबत काकाही राहिले. दर जूनमध्ये त्यांचं कंत्राट एक वर्षाने वाढायचं.

त्या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर काका नुसतेच विक्षिप्त वाटतील. जिवंत पेशीत काय चाललंय ते पाहायचं तर तिला चमकणारा रंग लावतात आणि तिच्यावर प्रकाश टाकतात. प्रकाश जास्त झाला की रंग उडतो आणि पेशीही मरते. म्हणून प्रकाश अगदी थोडा टाकायचा. मग परत येणारी चमक इतकी क्षीण असते की डोळ्याला ती दिसतच नाही. ती टिपणारा हा कॅमेरा. त्याला शून्याच्या खाली पुष्कळ थंड ठेवावं लागे, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने त्याच्या चित्रात ठिपके उठत. आणि हे सगळं नागपुरात, मे महिन्यात.

थंड वस्तू दमट हवेत ठेवली की तिला पाणी सुटतं, हे फ्रिजमधून बाटली काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. काकांनी त्या एका गोष्टीचा धर्म केला होता. कॅमेरा जुना होता, त्याची सील म्हातारी झाली होती आणि बाहेरची ओल आत शिरेल या धास्तीत हा माणूस जगायचा. खोलीत पाण्याची बाटली चालत नसे. न्हाऊन आलेल्या मुलींना ते दारातूनच परत पाठवत. मला दोनदा पाठवलंय. केस वाळवून ये म्हणाले, आणि मी अर्धा तास गच्चीवर उन्हात उभी राहिले. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, त्या गोळा करायला ते सीताबर्डीवरच्या चपलांच्या दुकानांत जात. बूट कधी घेत नसत. दुकानदार ओळखू लागले होते, बाबाजी आले म्हणून पुड्या काढून देत. त्या पुड्या ते कॅमेऱ्याच्या भोवती दोऱ्याने बांधत. आम्ही त्याला कॅमेऱ्याचे ताईत म्हणायचो.

आणि कूलर. नागपुरात उन्हाळ्यात कूलरला शिव्या घालणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. खोलीला एसी होता, पण बाहेर कॉरिडॉरमध्ये शिपायांच्या बाकाजवळ एक मोठा चाकांचा कूलर असायचा. त्याचं तोंड आपल्या दाराकडे झालेलं दिसलं की काका स्वतः ढकलून ते फिरवून येत. शिपाई काही बोलत नसत. काकांच्या घरीसुद्धा कूलर नव्हता म्हणतात. ते खरं असेल तर काकूंचं काय होत असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. हसायला एक विषय मिळाला एवढंच.

पण काकांची खरी ओळख म्हणजे कोरी काच. सकाळी आल्यावर पहिलं काम तेच. एक स्वच्छ, रिकामी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, नेहमीसारखा अंधूक प्रकाश सोडायचा आणि तिचा फोटो काढायचा. दिवसाचं काम संपलं की पुन्हा तेच. आधीची कोरी आणि नंतरची कोरी. दोन्ही फोटो छोट्या कागदावर छापून ते रजिस्टरमध्ये चिकटवत. स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. अख्खं रजिस्टर सारख्याच राखाडी चौकोनांनी भरलेलं, आणि काका प्रत्येक चौकोन चष्मा वर करून, डोळ्याजवळ नेऊन, लग्नाचा अल्बम पाहावा तसा पाहत.

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते एकच वाक्य सांगत. "पहिले कोरी पाह्य. मंग भरलेली पाह्य. मंग पुन्हा कोरी." पुढे काही समजावून सांगायची पद्धत नव्हती.

मी लागले त्या वर्षी माझ्या एका सीनियरला प्रत्येक पेशीत एक ठळक बिंदू दिसू लागला होता. पोरगा हवेत होता. सेमिनार ठरला, गाइड खूश. काकांनी त्याची काच काढून कोरी ठेवली आणि फोटो घेतला. बिंदू तिथेही होता. भिंगावर धूळ बसली होती. पोरगा जिन्यात बसून रडला. काकांनी आधी कॅमेरा बंद केला, मग त्याला गेटबाहेर नेऊन तर्री पोहे खाऊ घातले आणि परत आल्यावर म्हणाले, बरं झालं, आजच समजलं. ते वाक्य मला तेव्हा फार कोरडं वाटलं होतं.

माझा विषय सिकल सेल होता. विदर्भात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, दर दोन-चार गावांत एखादं पोर या आजाराने कळवळत असतं. त्या मुलांच्या रक्तातल्या लाल पेशींवर एक विशिष्ट प्रथिन कुठे जमतं ते मला शोधायचं होतं. त्यासाठी रक्त ताजं हवं, आणि ज्याला एवढ्यात दुसऱ्याचं रक्त चढवलेलं नाही अशाचं हवं. असा नमुना मिळायला महिने लागत. त्या वर्षी तो मे महिन्यात मिळाला. मौद्याकडची बारा वर्षांची मुलगी, दुखणं उठलं म्हणून दवाखान्यात आणलेली. रक्त चढवायच्या आधी थोडं काढून घ्यायला आई तयार झाली. सहीऐवजी अंगठा देताना तिने मला विचारलं, "याच्यानं माह्या पोरीले फायदा होईन का, मॅडम?" मी म्हणाले, हो, पुढे होईल.

सकाळी नऊ चाळीसला काकांनी कोरी घेतली. मग मी माझ्या स्वतःच्या बोटाचं रक्त घेऊन निरोगी पेशींचे फोटो काढले, तुलनेसाठी. ते झालं आणि काकांना फोन आला. काकू चक्कर येऊन पडल्या होत्या, उमरेडच्या शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. काका उठले, बसले, पुन्हा उठले. एसी सकाळपासून कण्हत होता. थंड कॅमेरा सोडून ते कधीच कुठे गेलेले नव्हते, जेवायलासुद्धा नाही. दाराशी थांबून ते मला म्हणाले, "एसी बंद पडला त कॅमेरा बंद करजो. नमुना गेला त जाऊ दे."

मी हो म्हणाले.

एकच्या सुमारास एसी बंद पडला. मुलीचं रक्त नुकतंच काचेवर घेतलं होतं. खोली बघता बघता तापली, यंत्रावर तापल्याचा लाल दिवा लागला. खोलीत उजेड नको म्हणून काकांनी त्यावर चिकटपट्टी लावलेली होती, तिच्या कडेनेही तो दिसत होता. मी बाहेर गेले. शिपाई जेवायला गेले होते. मी तो कूलर ढकलत खोलीत आणला आणि सुरू केला.

का आणला हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं त्या माणसाकडून दुसरं काय ऐकलं होतं? पण इतक्या महिन्यांनी मिळालेला नमुना होता, माझी मुदत संपत आली होती, आणि काकांचं हे सगळं वेड आहे असं आम्ही इतकं हसून ठेवलं होतं की गरज पडली तेव्हा मला ते वेडच वाटलं.

दोन तास काम केलं. आणि काय फोटो आले. मुलीच्या प्रत्येक पेशीभोवती प्रकाशाचं एक मऊ, अंधूक कडं. सकाळच्या माझ्या पेशींना ते नव्हतं. निरोगी पेशीला नाही, आजारी पेशीला आहे. मी खुर्चीतून उठून त्या ताईत बांधलेल्या कॅमेऱ्याला हात जोडले, खोटं नाही सांगत. मग तीनच्या पुढे स्क्रीनवर डाग आले, चित्र थरथरलं आणि कॅमेरा बंद पडला. पुन्हा सुरू झाला नाही. मी कूलर बाहेर जागेवर नेऊन ठेवला. फरशीवर त्याच्या चाकांचे ओले पट्टे उमटले होते, ते ओढणीने पुसले. नंतरची कोरी घ्यायचा प्रश्नच नव्हता.

आठवड्याने पुण्याहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने कॅमेरा उघडला, आत पाण्याचे डाग होते. चौकशीला तिघांची समिती बसली. मला आणि काकांना एकत्रच बोलावलं. रजिस्टर टेबलावर होतं, त्या दिवसाचं पान उघडलेलं. अध्यक्षांनी त्या राखाडी चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं की हे काय आहे. काका म्हणाले, कोरी काच आहे साहेब, सकाळची. अध्यक्षांनी ते पान बाकीच्यांकडे सरकवलं. यात तर काहीच नाही, असं म्हणून ते थोडे हसलेही.

काका गप्प राहिले. त्या खोलीत तो फोटो वाचता येणारी दोनच माणसं होती. सकाळी नऊ चाळीसला कॅमेरा निर्मळ होता, एक थेंब नव्हता, जे झालं ते त्यानंतर झालं, हे त्या चौकोनात स्वच्छ दिसत होतं. दुसरं माणूस मी होते.

मला विचारलं गेलं की हे गेले तेव्हा एसी चालू होता का. मी म्हणाले, नक्की आठवत नाही.

एवढंच. मी त्यांच्यावर कुठलाही आरोप केला नाही. आठवत नाही म्हणाले. इतकं सोपं वाक्य मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोललेले नाही. समितीने लिहिलं की तांत्रिक सहायक यांनी खोलीतील वातानुकूलन नादुरुस्त असताना यंत्र थंड स्थितीत सोडून निष्काळजीपणा केला. त्या जूनमध्ये कंत्राट वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी काका आपलं सामान घ्यायला आले. सामान म्हणजे एक डबा, एक काळा शर्ट आणि पुड्यांची पिशवी. अंधारात पांढरा शर्ट उजेड परतवतो म्हणून खोलीत ते काळाच घालत, तो शर्ट वर्षानुवर्षं तिथल्या खिळ्याला असायचा. खिळा रिकामा झाला. मग ते खाली वाकले आणि टेबलापासून दारापर्यंत फरशी पाहत गेले. त्या खोलीची फरशी कुणी नीट पुसत नसे, काकाच पुसू देत नसत. तिच्यावर दोन पट्टे बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होते.

"फरशी काहून पुसली वं?" त्यांनी विचारलं.

काहीतरी सांडलं होतं, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

मला त्या कड्यावर पीएच.डी. मिळाली. नवा कॅमेरा यायला वर्ष गेलं. त्यावर मी दोनदा पुन्हा करून पाहिलं, कडं दिसलं नाही. रक्त पुरेसं ताजं नसेल, असं मी म्हणाले, गाइडही म्हणाले. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याची मला आता भीती वाटते. प्रबंध झाला, शोधनिबंध छापून आला, त्यातला दुसऱ्या पानावरचा फोटो लोकांनी फार वाखाणला. त्याच जोरावर नागपुरातच दुसऱ्या संस्थेत मला नोकरी लागली. आज अशाच एका खोलीची आणि अशाच एका कॅमेऱ्याची मी प्रमुख आहे.

नोकरी लागल्यावर मी उमरेडला गेले. संत्रा बर्फीचा डबा घेतला होता आणि बांधीव प्रबंधाची एक प्रत. ऋणनिर्देशात काकांचं नाव होतं, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार असं. एवढ्याने काही फिटेल असं मला खरंच वाटलं होतं का? थोडंसं वाटलं होतं. बस स्टँडजवळ त्यांच्या पुतण्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे मागच्या पडद्यापुढे काका लोकांचे पासपोर्ट फोटो काढत. खूप वाळले होते. त्यांचं कंत्राट संपलं त्याच पावसाळ्यात काकू गेल्या होत्या, हे मला तिथे जाऊन कळलं.

त्यांनी ऋणनिर्देश वाचला नाही. सरळ फोटोंच्या पानांवर गेले. प्रबंध घेऊन दुकानाबाहेर उन्हात उभे राहिले, चष्मा वर केला आणि ते पान डोळ्याजवळ नेलं. रस्त्यावरून एसट्या जात होत्या. मी शेजारी उभी होते.

"याच्या नंतरची कोरी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

घेतली नव्हती, मी म्हणाले.

मग त्यांनी त्या सुंदर कड्यावरून हळूच बोट फिरवून दाखवलं. "हे पेशीचं नोहे वं, पोरी. हे कूलरचं हाय."

वाफ धरलेल्या काचेतून दिवा पाहिला तर त्याच्याभोवती जसं कडं दिसतं तसं ते होतं. मुलीच्या रक्तात काही नव्हतं. सकाळी कॅमेरा कोरडा होता म्हणून माझ्या पेशींना कडं नव्हतं, आणि दुपारी त्याच्या काचेवर बाष्प बसत गेलं म्हणून तिच्या पेशींना ते आलं. नंतरची एक कोरी घेतली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

तुम्हाला माहीत होतं तर समितीपुढे का बोलला नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जसं काही चूक त्यांचीच होती. त्यांनी प्रबंध मिटला. "थंडा कॅमेरा सोडून जात नसते," ते म्हणाले. "मी गेलो. माही चूक झालीच ना. तुही तू पाह्य."

मग ते आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. रोजच्या कोऱ्यांची एक प्रत ते घरी नेत असत, हे संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या राखाडी, सगळ्या सारख्या. मागच्या तारखा पाहत पाहत त्यांनी एक काढली आणि माझ्या हातात दिली. एक बाई पोराचा फोटो काढायला आली होती, ते पडद्यापुढे गेले आणि पोराला हनुवटी वर करायला सांगू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. उष्माघात, पुतण्या फोनवर म्हणाला. घरात कूलर नव्हता.

मी आजवर काही केलेलं नाही. शोधनिबंध मागे घेता येतो, त्याची रीत आहे, एका पत्राचं काम आहे. ते पत्र मी मनात पुष्कळदा लिहिलं आहे. दरम्यान त्या कड्याच्या मागे इतर लोक लागले. माझ्याकडेच पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे, उमेदीची, कष्टाळू, तिची स्वतःची धाकटी बहीण सिकल सेलची आहे. तीन वर्षं ती ते कडं शोधते आहे. मी तिला दुसरा विषय सुचवून पाहिला, तिने घेतला नाही. तुमच्याच फोटोमुळे मी या कामात आले मॅडम, असं म्हणाली.

गेल्या मंगळवारी ती पुन्हा आली. डोळे सुजलेले होते. शंभरावर नमुने झाले, एकातही कडं दिसत नाही, माझं काय चुकतंय ते सांगा, म्हणाली. माझा हात खणाच्या मुठीवर होता. खण मी अर्धा उघडलाही.

"रंग ताजा घेऊन बघ," मी म्हणाले.

ती हो म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. आमच्या खोलीत काकांचाच नियम चालतो, मीच तो लावला आहे.

"मॅडम, आधीची कोरी घेतली आहे. नंतरचीपण घेऊ ना?"

"घे," मी म्हणाले. "ती घेतल्याशिवाय उठायचं नाही."